चुन्याच्या डबीतलं शहर

पानाच्या तबकातली चुन्याची डबी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी काय दिसतं? वर कडक पापुद्रा! म्हणून तर आजी त्यात आठवणीने पाणी घालून ठेवायची. तो पापुद्रा म्हणजे चक्क दगड. आणि असल्याच दगडाने सांधलेलं एक अख्खं शहर आपल्या पालघर जिल्ह्यात उभं आहे.

बोईसरहून, पालघरहून लोकल पकडा आणि वसईच्या किल्ल्यात शिरा. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. चिमाजी अप्पांनी ती जिंकली 1739 मध्ये. मधल्या 205 वर्षांत या तटाच्या आत रस्ते, चर्च, मठ, वाडे उभे राहिले. इथला काळा दगड तर इतका नावाजलेला, की गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेच्या नक्षीसाठी तो समुद्रमार्गे तिकडे गेला. आज इथली छपरं गेली, लाकूड गेलं. कमानी मात्र उभ्याच! कशा? कमानीतला प्रत्येक दगड खाली यायला बघतो आणि तसं करताना शेजारच्याला दाबून स्वतःच अडकतो. पडण्याची ही धडपडच तिला पडू देत नाही.

पण मला खरं वेड लावलंय ते दगडांमधल्या चुन्याने.

कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायची रीत जुनी. भट्टी साधारण 900 अंशांपर्यंत तापते आणि 100 किलो शिंपल्यांतले जवळजवळ 44 किलो चक्क हवेत उडून जातात! हा कार्बन डायऑक्साइड. मागे उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी घाला, तो फसफसतो, हात भाजेल इतका तापतो. मग वाळू घालून, चुन्याच्या घाण्यात मळून गवंडी तो सांध्यांत भरतो. आता पाहा. भट्टीत गमावलेला तोच वायू हा चुना हवेतून परत ओढू लागतो. बाहेरून आत, सावकाश, वर्षानुवर्षं. शेवटी सांध्यात काय तयार होतं? शिंपला ज्याचा बनला होता, तेच द्रव्य! समुद्रातल्या एका मऊ जिवाने अंगाभोवती घडवलेलं घर भट्टीत मोडलं आणि माणसाच्या भिंतीत पुन्हा घडलं.

आणि भिंतीला केसाएवढी चीर गेली तर? पावसाचं पाणी आत मुरतं, थोडा चुना विरघळवतं, तो चिरेपर्यंत नेतं आणि पाणी सुकलं की तिथेच सोडतं. चीर बुजते. गवंडी नाही, थापी नाही!

किल्ल्यात गेलात तर भिंतीच्या अगदी जवळ जा. जुन्या चुन्यात कधी कधी पांढरे खडे राहून गेलेले असतात, घाण्यातून निसटलेले. डबीतल्या पापुद्र्यासारखेच दिसतात ते.