२६ जुलै : तारीख कुणाची, आकडा कुठला?

आज २६ जुलै. दिनविशेषात आज एक ओळ हमखास असते : '२००५ – मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस.' ओळ खोटी नाही. पण आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे सरळ वाक्य दिसलं की ते उलटून बघायची खोड लागली आहे.

आधी तारीख घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतात आणि मागच्या २४ तासांचं पाणी त्या सकाळच्या नावावर मांडतात. म्हणजे ९४४ ही नोंद रीतसर २७ जुलैची! लोकांच्या आठवणीत मात्र २६ तारीखच, आणि लोकांचंही चूक नाही. कारण त्यातले ४८१ मिलिमीटर दुपारी अडीच ते संध्याकाळी साडेसहा या चार तासांतच कोसळले.

आता 'मुंबईत' म्हणजे कुठे? ते मापक सांताक्रूझचं. सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याच्या मापकात त्याच २४ तासांत जेमतेम ७३ मिलिमीटर. आम्ही त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून चालत घर गाठलं. दोन दिवसांनी कुलाब्याच्या एका स्नेह्यांचा फोन लागला, तर म्हणाले, "अहो, इतकं काय झालं?" थट्टा नव्हती ती. त्यांच्या खिडकीतून दिसलेला पाऊस खरोखरच नेहमीचा होता.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. जिथे लागू व्हायला नको तिथेही लक्षण लागू झालं, तर अतिव्याप्ती. जिथे व्हायला हवं तिथे झालं नाही, तर अव्याप्ती. '२६ जुलै, मुंबई, ९४४' हे त्या आपत्तीचं लक्षण धरलं, तर कुलाब्याच्या बाबतीत सरळसरळ अतिव्याप्ती होते. इथवर सगळं गमतीचं आहे.

पण या आकड्याचा एक उपयोग फार सोयीचा झाला, आणि तो आम्हाला खटकतो. 'एवढा पाऊस पडल्यावर कोण काय करणार?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. ही क्षमता ५० करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालचा, म्हणजे बारा वर्षं आधीचा. त्या दिवशी दुपारी मोठी भरती होती आणि एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला. १९० पुढे ५० सुद्धा तोकडेच पडले असते, हे कबूल. पण पाणी चढलं किती आणि राहिलं किती वेळ, याला पाऊस एकटा जबाबदार नाही. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी माहीमच्या खाडीत नेणारी मिठी नदी वाटेत भरावाने आणि बांधकामांनी आवळलेली, विमानतळाजवळ काटकोनात वळवलेली. नंतर माधवराव चितळे यांच्या समितीने हे सविस्तर मांडलं. पाऊस आभाळातून पडतो, पूर जमिनीवर तयार होतो. ९४४ हा आकडा फक्त पहिल्या गोष्टीचा आहे.

आणि अव्याप्ती? ती महाडची. त्याच पावसात, २५-२६ जुलैला, महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसं मातीखाली गेली. तिथल्या मृत्यूंना विक्रमी आकड्याचा आधार नव्हता, म्हणून दिनविशेषाच्या ओळीत ती गावं येत नाहीत. पुढच्या वर्षी ती ओळ वाचाल, तेव्हा जुई नकाशावर एकदा शोधून बघा. सावित्री नदीच्या काठाने शोधलंत की सापडेल.

बरं, आता प्रश्न घेऊ.