एका आवारातली अनेक हवामाने

पुण्याचे तापमान म्हणून वर्तमानपत्रात जो आकडा येतो, तो बहुधा शिवाजीनगरच्या वेधशाळेतला असतो. तिथून जवळच, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या ४११ एकरांच्या आवारात, एकाच दुपारी अनेक हवामाने नांदतात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांसह गेली काही वर्षे आम्ही ती मोजत आलो.

सुरुवातीला हाती कोरड्या-ओल्या फुग्याची तापमापी, पवनवेगमापी आणि नोंदवही एवढेच होते. वडाखाली, हिरवळीवर, डांबरी रस्त्याकडेला आणि वाहनतळावर गट एकाच वेळी उभे राहत. उन्हात धरलेली तापमापी हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगते. त्यामुळे ती जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर आणि सावलीतच धरायची, हा पहिला धडा होता.

एप्रिल-मेच्या नोंदींनी मुलांना चकित केले. वडाखालची आणि रस्त्यावरची हवा यांत अपेक्षेपेक्षा कमी फरक निघाला. जमिनीच्या पृष्ठभागांत मात्र तो प्रचंड होता. झाडाखाली अंगाला जाणवणारा गारवा मुख्यतः अडवलेल्या उन्हाचा असतो, हे त्यांना पुस्तकाआधी नोंदवहीने शिकवले.

हिवाळ्यात क्रम उलटला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघडी हिरवळ उष्णता झपाट्याने गमावते आणि जड झालेली थंड हवा सखल भागात उतरते. दाट झाडाखाली मात्र तुलनेने ऊब राहते आणि दगडी भिंती दिवसाची उष्णता सावकाश सोडत राहतात. पावसाळ्यात ढग आणि वारा आले की हे सारे फरक जवळजवळ पुसले जातात. म्हणून एका ऋतूच्या नोंदींवरून निष्कर्ष काढायचा नाही, असा आमचा नियम झाला.

पुढे स्वयंचलित नोंदयंत्रे आली, रात्रीच्या नोंदी सोप्या झाल्या. पण खरा बदल मुलांच्या प्रश्नांत झाला. ‘आज किती ऊन आहे?’ ऐवजी ‘इथे फरसबंदी केली तर रात्र किती तापेल?’ असे ती विचारू लागली. अशा प्रश्नांची उत्तरे नोंदींतूनच मिळतात. हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्डने लंडन शहर भोवतालच्या गावांपेक्षा उबदार असल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले, तेही नित्याच्या नोंदींच्याच बळावर.

प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या आवाराची अशी नोंदवही आजच सुरू करावी. झाड तोडण्याआधीच्या आणि काँक्रीट ओतण्याआधीच्या नोंदी नंतर कधीच घेता येत नाहीत.