गाणारे रणगाडे

रणगाडा म्हटलं की धूर, धडधड आणि दहशत. जपानी विज्ञानकथेतला ताचिकोमा मात्र निळाशार, बडबड्या आणि सतत 'का?' विचारणारा. लहान पोरंच ती, फक्त तोफ लावलेली!

याचा पूर्वज फुचिकोमा. मासामुने शिरो यांच्या 1989 साली सुरू झालेल्या 'घोस्ट इन द शेल' या मांगा चित्रकथेत तो आला. मामोरू ओशिई यांच्या 1995 च्या गाजलेल्या चित्रपटातून तो गळाला. तिथे आहे एक अबोल, सहा पायांचा रणगाडा. त्याचं झाकण उपटायच्या नादात नायिका मोतोको कुसानागीचं यांत्रिक शरीर फाटतं, हात तुटतात. थरारक प्रसंग, पण जीव लावावा असा गडी नाही तो.

तसा गडी, म्हणजे ताचिकोमा, मिळाला 2002 मध्ये, केंजी कामियामा यांच्या 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' या मालिकेत. चार पाय, पायांना चाकं, कोळ्यासारखी तार सोडून इमारतींवर झेपावायची सोय आणि मागच्या डब्यात एका माणसाची जागा. साऱ्या ताचिकोमांना आवाज एकटीचाच, साकिको तामागावा यांचा. तोच गोड, किनरा आवाज एकमेकांशी वाद घालतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं.

आणि वाद घालतात तरी कसले! सगळ्यांच्या आठवणी नियमितपणे एकत्र केल्या जातात. म्हणजे सगळे तंतोतंत सारखे व्हायला हवेत. तरीही एक जण कागदी पुस्तकं वाचत बसतो. 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' हातात घेऊन. दुसरा कुसानागीचा सहकारी बातो याचा लाडका, कारण बातो त्याला चोरून नैसर्गिक तेल पाजतो. पहिल्या पर्वाच्या 12 व्या भागात एक ताचिकोमा परवानगीशिवाय शहरात भटकतो आणि कुत्रा शोधणाऱ्या मिकी नावाच्या मुलीला साथ देतो. 15 व्या भागात तर सगळे मिळून मरण म्हणजे काय यावर चर्चा करतात. कुसानागीला याचीच धास्ती वाटते. शस्त्राला स्वतःचं मत फुटलं तर? ती त्यांना कामावरून काढते. पुढे बातो संकटात सापडल्यावर तिघे जण कुणीही न बोलावता धावून येतात.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी निर्वासितांच्या बेटावर अण्वस्त्र झेपावतं. ताचिकोमांची बुद्धी ज्या उपग्रहात साठवलेली असते, तोच उपग्रह ते क्षेपणास्त्राच्या वाटेत आणून आदळवतात. लहान मुलांचं गाणं म्हणत!

आश्चर्य म्हणजे असा प्रसंग आणखी एका जपानी कलाकृतीत आहे. हिदेओ कोजिमा यांच्या 2010 च्या 'मेटल गिअर सॉलिड: पीस वॉकर' या गेममध्ये कथा 1974 ची आहे. एका मृत स्त्री सैनिकाच्या मनावरून घडवलेला चालता अणुरणगाडा खोट्या हल्ल्याचा इशारा थांबवण्यासाठी निकाराग्वा सरोवरात स्वतःला बुडवून घेतो. तोही गात गात.

आसातो आसातो यांच्या '86' या कादंबरीमालेत गणित उलटं आहे. शत्रूचे रणगाडे खरोखरच स्वयंचलित. आपल्या बाजूचे 'मानवरहित' म्हणून मिरवले जातात आणि आत मात्र किशोरवयीन मुलं मरत असतात.

माझ्या मते रणगाड्यांच्या या साऱ्या गोतावळ्यात ताचिकोमाला तोड नाही. पूर्ण मालिका बघायला सवड नसेल, तर निदान तो 15 वा भाग बघाच.