किटबॅग (भाग ४) : ग्लोव्हज बॅट धरून निवडा

९ जून २०१९. विश्वचषकाचा सामना, लंडनचं ओव्हल मैदान. ऑस्ट्रेलियाच्या नेथन कूल्टर-नाइलचा उसळलेला चेंडू शिखर धवनच्या डाव्या अंगठ्यावर बसला. त्या अंगठ्यानिशी त्याने ११७ धावा केल्या, पण हाड चिरलं होतं आणि पुढे स्पर्धाच सोडावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या ग्लोव्हजवर आदळला, तेव्हाही निखळला तो डावाच अंगठा. दोघेही डावखुरे फलंदाज. यात योगायोग फार थोडा आहे.

डावखुऱ्याचा डावा हात हँडलवर खाली असतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा. वरच्या हाताला मार लागतो तेव्हा त्याला मागे सरकायला थोडी तरी जागा असते. खालच्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं मात्र चेंडू आणि हँडल यांच्या मधोमध सापडतात. म्हणून बऱ्या प्रतीच्या ग्लोव्हजमध्ये त्याच हाताच्या अंगठ्यावर कडक कवच असतं आणि पहिल्या दोन बोटांत जादा पट्ट्या बसवलेल्या असतात. उजव्याची आणि डावखुऱ्याची जोडी वेगळी विकली जाते ती यासाठी. घरात धाकटा डावखुरा असेल आणि थोरल्याचे ग्लोव्हज त्याला दिले, तर ते हातात व्यवस्थित जातील, पण संरक्षण नको त्या हातावर जाईल. असं होताना मी इतक्या वेळा पाहिलंय की हा मुद्दा मापाच्याही आधी सांगावासा वाटतो.

आता माप. तळहात सरळ ठेवून मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या घडीपर्यंत टेप लावा. ढोबळ हिशेबाने साडेसतरा ते एकोणीस सेंटिमीटर म्हणजे ‘यूथ’ आणि एकोणीस ते एकवीस म्हणजे ‘मेन्स’. बऱ्याच मुलींना आणि स्त्रियांना यूथ मापच नीट बसतं. मेन्सचा तळवा त्यांना रुंद पडतो. पण कंपनीगणिक ही मापं बदलतात, त्यामुळे लेबलवर विसंबू नका. दुकानात हात सरळ ठेवून ग्लोव्हज छानच वाटतात. एखादी बॅट मागून घ्या, स्टान्स घ्या, मूठ घट्ट आवळा, दोन-चार ड्राइव्ह हवेत मारा. बोटांच्या बेचक्यात ताण आला तर माप लहान. तळव्याचं कातडं हँडलभोवती चुण्या पाडून गोळा होत असेल तर मोठं. बोटाच्या टोकाशी अर्धा सेंटिमीटर मोकळा राहिला तर हरकत नाही, आणि मनगटाची पट्टी हाडावर बसली पाहिजे.

‘वाढत्या अंगाचा आहे, एक नंबर मोठाच द्या’ हे वाक्य नागपुरात बर्डीच्या दुकानात रोज ऐकू येत असेल. शाळेच्या गणवेशाला ते चालतं, इथे नाही. मोठ्या ग्लोव्हजमध्ये कवच बोटाच्या सांध्यावरून सरकतं आणि मूठ सैल पडते. शिवाय क्रिकेटच्या नियमांत बॅट धरलेल्या हातावरचा ग्लोव्ह बॅटचाच भाग धरला जातो. बोट नसलेल्या रिकाम्या टोकाला चेंडू चाटून गेला आणि यष्टिरक्षकाने झेलला, तर मुलगा झेलबाद.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. जामठा-मिहानच्या आसपास शनिवार-रविवारी कंपन्यांच्या संघांत खेळणाऱ्यांना हे सांगायला नको की एप्रिल-मेमध्ये पाच षटकांत तळवा भिजतो. भिजलेलं कातडं हँडलवर घसरतं, आणि घामातलं मीठ वाळलं की तेच कातडं पापडासारखं कडक होतं. म्हणून पैसे फोमपेक्षा तळव्यावर घाला: मेंढीचं किंवा वासराचं मऊ कातडं, बोटांच्या मध्ये हवा खेळेल अशी जाळी. आत सुती इनर घालणार असाल तर माप इनर घालूनच घ्या. नाहीतर नेमका बसलेला ग्लोव्ह मैदानावर आवळतो. एक महाग जोडी घेण्यापेक्षा मध्यम किमतीच्या दोन घेऊन आलटून-पालटून वापरणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. वाळवायचे ते सावलीत, पंख्याखाली. नागपूरच्या उन्हात गच्चीवर टाकलेल्या ग्लोव्हजचा तळवा आठ-पंधरा दिवसांत तडकायला लागतो.

वापरलेले घ्यावेत का? मुलांसाठी जरूर. मुलांचा हात ग्लोव्हज झिजायच्या आत वाढतो, म्हणून अकादमीतल्या सिनिअरने काढलेली जोडी बरेचदा निम्मीही झिजलेली नसते. फक्त बाहेरून पाहू नका, पांढरा रंग पुसून चमकवता येतो. ग्लोव्ह उजेडासमोर धरून तळव्यावर बोट फिरवा. करंगळीच्या खाली आणि अंगठ्याच्या बेचक्यात कातडं आधी विरतं. तिथे उजेड दिसला तर परत करा. तळवा शिवून मिळतो, पण शिवण मुठीत टोचते. मग अंगठ्याचं कवच दोन्ही बाजूंनी दाबा: आत काही करकरलं किंवा एकाच जागी वाकलं तर कवच फुटलंय, आणि ते दुरुस्त होत नाही. बोटांवरचा फोम चिमटीत दाबून सोडा. तो लगेच फुगला नाही तर वेगवान चेंडूसमोर त्याचा उपयोग नाही. शेवटी आत नाक घाला. कुबट वास म्हणजे आत बुरशी, आणि ती सहसा धुऊन जात नाही.

लेहमधल्या आइस हॉकीच्या मुलामुलींनी परदेशांतून आलेल्या वापरलेल्या किटवर खेळ शिकलेला आहे, म्हणजे जुन्या सामानात कमीपणा काही नाही. त्या खेळाचे ग्लोव्हज इंचांत मोजतात, मोठ्यांचे साधारण तेरा ते पंधरा, आणि माप घेताना कोपराच्या पॅडपर्यंत पोचणारी लांबी बघतात, कारण मनगटावर उघडी फट राहून चालत नाही. तळवा तपासण्याची रीत मात्र तीच.

यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजबद्दल थोडक्यात: अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्येच जाळी चालते, बाकी बोटांमध्ये नियमाने मनाई आहे. वापरलेले घेताना तळव्यावरचं रबर बघा. ते गुळगुळीत झालं असेल तर चेंडू चिकटत नाही.

पुढच्या आठवड्यात हेल्मेट. ते वापरलेलं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. कारणं पुढच्या भागात.