शेताचे प्लॉट होतात तेव्हा

पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या इंदापूरचे नाव इतिहासाच्या वाचकाला मालोजीराजांच्या गढीमुळे ठाऊक असते. महसूल खात्यात ज्यांची हयात गेली, त्यांना मात्र ते निराळ्याच कारणाने स्मरणीय वाटते. मुंबई इलाख्याची जी प्रसिद्ध जमीनमोजणी, जिच्यातून आपले सर्व्हे नंबर आणि हद्दीचे दगड निपजले, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी १८३५ साली याच तालुक्यात आरंभिली. एका बैलजोडीने वाहिली जाईल एवढी जमीन म्हणजे एक नंबर, असे त्यांचे स्थूल प्रमाण होते. आणि तेहतीस फुटी साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा व असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा त्या काळचा हिशेब दप्तरात हेक्टर-आर आले तरी लोकांच्या तोंडून गेलेला नाही. बैलजोडीच्या मापाने आखलेल्या अशाच एका शेताचे, गावाच्या शिवेवर, बिऱ्हाडांच्या मापाने तुकडे होत असताना ते काम जवळून पाहण्याचा योग मला आला, आणि नंतर असे काम जिथे दिसेल तिथे थांबण्याची सवयच जडली.

गिऱ्हाइकाला दिसते ती या कामाची अखेरची अवस्था: सिमेंटची कमान, तिच्यावर कुलदैवताचे नाव, आत मुरमाचे रस्ते आणि रंगीत पताका. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, बहुधा पीक निघालेल्या मोकळ्या रानात, मोजणीच्या दिवशी सुरू होते. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या असतात, म्हणून तेही आपापल्या बांधावर येऊन उभे राहतात, आणि भूकरमापक यंत्राची तिवई रोवू लागला की सर्वांचे बोलणे आपोआप बंद होते. पूर्वी शंकू आणि साखळी होती, मग फलकयंत्र आले, आता उपग्रहांशी बोलणारा रोव्हर सेंटिमीटरपर्यंतचे अंतर सांगतो. परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ते कोठून मोजायचे हे त्याला सांगावे लागते, आणि ते सांगणारा एकच साक्षीदार विश्वासाचा, तो म्हणजे जुना हद्दीचा दगड. बाभळीच्या मुळांत, मातीच्या ढिगाखाली तो शोधण्यात सकाळ निघून जाते. बांधाचे तसे नाही. नांगराच्या तासागणिक तो वर्षाला चार बोटे इकडे किंवा तिकडे सरकतो. एक वृद्ध शेजारी शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, दगूड हाय तिथंच हाय, बांध तेवढा चालून आलाय." भूकरमापकाने मान डोलावली, पण नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी दुसरा दगड शोधायला माणूस धाडला. हद्द कायम करणे म्हणजे मोजणे कमी आणि ऐकून घेणे अधिक, हे त्याला कोणी शिकवले असेल ते असो, मला ते त्याच्या सावकाशपणात दिसले.

हद्द ठरली की रेखांकनाचा अध्याय येतो, आणि येथेच शेताचे गाव व्हायचे की नुसती घरांची दाटी, याचा निकाल लागतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. गुंठ्याचा भाव मनात घोळवणाऱ्या मालकाला ती सारीच विकाऊ वाटते. वस्तुतः रस्त्यांत एक मोठा हिस्सा जातो, आणि ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या क्षेत्रात दहावा भाग खुली जागा म्हणून सोडावाच लागतो. म्हणजे एकराला चार गुंठे कोणालाही न विकता राखायचे. एकोणचाळीस गुंठे मात्र या मर्यादेच्या किंचित आत, ३,९४६ चौरस मीटरांच्या आसपास, बसतात. हा हिशेब ज्यांना पाठ आहे अशी माणसे मला या धंद्यात भेटली आहेत, आणि त्यांच्या हातून झालेल्या वसाहतींत मुले रस्त्यावर खेळतात.

खुली जागा सोडली जाते तेव्हाही ती कोठे सोडली जाते हे पाहण्यासारखे असते. रेखांकन जमिनीवर उतरवताना खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात, तिच्यावरून चुन्याची फक्की मारतात, आणि काल ज्वारीची ताटे होती तेथे दुपारपर्यंत पांढरे चौकोन उमटतात. पूर्वाभिमुख आणि कोपऱ्याचे प्लॉट आधीच बोलले गेलेले असतात. पुढे अरुंद आणि मागे रुंद तो गोमुखी, राहण्यास शुभ. उलट असेल तो व्याघ्रमुखी, तो दुकानासाठी, असे शास्त्र सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक ठिकाणी हजर असतोच. शेत काही चौकोनी नसते, त्यामुळे कडेला तिरक्या, उताराच्या, निरुपयोगी फाळक्या उरतात, आणि बहुतेक वेळा खुल्या जागेच्या वाट्याला त्याच येतात. सणाच्या पंक्तीत शेवटच्या पानाला जसे तळाचे वाढतात, तसे सार्वजनिक हिताला येथे जमिनीच्या तळाचे वाढतात.

याहून गंभीर गोष्ट ओढ्याची. पावसाळ्याचे चार महिने वगळता कोरडा दिसणारा, दोन हात रुंदीचा ओहोळ जेसीबीला अर्ध्या दिवसाचे काम असतो. त्यावर मुरूम पडला की प्लॉटांची एक रांग वाढते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया पक्क्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, एवढे गवंडीही जाणतो. पण ज्या पायाखालून जुने पाणी वाट शोधते आहे त्याची खोली कोणी सांगावी?

कागदाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो कंटाळवाणा आहे आणि लोक फसतात ते त्या कंटाळ्यामुळेच. रीतसर कामात रेखांकन मंजूर होते, कमी-जास्त पत्रक तयार होते, प्लॉटागणिक निराळा उतारा निघतो. बेरीतसर कामात एकाच सातबारावर वीस नावे सामाईक चढतात, अथवा साठेखतावर आणि मुखत्यारपत्रावरच व्यवहार भागवला जातो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे बारके तुकडे रोखू पाहिले. शहरांच्या कडेला तुकडे पडतच राहिले, म्हणून १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली करावा लागला आणि २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. दीड गुंठ्यासाठी आयुष्याची पुंजी घालणाऱ्या कारखान्यातील कामगाराला किंवा शाळेच्या शिपायाला मी यात दोष देणार नाही. त्याला परवडणारे रीतसर घर ज्या गावाने ठेवले नाही, त्या गावाने त्याला कायदा सांगू नये. दोष आहे तो दर खेपेस मुदत वाढेल हे गृहीत धरून शेत फोडणाऱ्याचा.

तेव्हा आपण प्लॉट पाहायला जाल तर आपला प्लॉट शेवटी पाहा. आधी खुली जागा कोठे आहे ते विचारा आणि तेथपर्यंत चालत जा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की भर पावसात पाणी कोणत्या वाटेने जाते. आणि रस्ते व खुली जागा आज कोणाच्या नावे आहेत त्याचा ताजा उतारा मागा. तो उतारा अद्याप मूळ मालकाच्याच नावे असेल आणि हस्तांतर कधी होणार याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर इसार देऊ नका.