दिवाणखान्यात समुद्र आणण्यापूर्वी

ईदी साठवून धाकट्याने हट्ट धरला : घरात समुद्री मासे हवेत. मीही भुललो. 5 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच टाकी आणली. तिच्यात सव्वाचारशे लिटर पाणी मावते. दगड, वाळू, काच धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी इंजिनिअरला विचारावे. लिटरमागे 35 ग्रॅम खास समुद्री मीठ लागते, स्वयंपाकघरातले नव्हे.

तिसऱ्याच दिवशी आम्ही 4 मासे सोडले. आठवड्यात चारही मेले. दोष दुकानदाराला देत होतो, चूक माझीच होती. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू दगडांवर वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मी वर्गात दरवर्षी सांगतो. जाळीने मासे काढताना तीच आठवली.

दुसऱ्यांदा मासे न घालता दीड महिना थांबलो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच दोन क्लाउनफिश आणले. पाणी उडते, मीठ मागेच राहते, म्हणून भर रोज साध्या आरओ पाण्याची घालतो.

प्रवाळाचे काय? दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी गुपचूप विकू लागला तरी घेऊ नका. आमच्या टाकीत नुसते दगडच आहेत. वीज गेली की बॅटरीचा एअर पंप आता धाकटाच लावतो.