सीमेवरचा शोमरोनी

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज लोकांना माहीत आहे तो मुख्यतः दवाखान्यामुळे आणि शाळेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, अमेरिकेतल्या मेथडिस्ट मिशनने बीदरला ठाणे मांडले आणि पुढच्या पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांत आपले काम पसरवले. त्या काळी गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्ह्यात असलेल्या यादगीरचे होल्स्टन रुग्णालय किंवा बीदरची नॉर्मा फेंड्रिक शाळा ही त्याच काळाची आठवण. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या कागदांत उर्दू अशी भाषांची सरमिसळ असल्याने मिशनलाही एका भाषेवर भागवता आले नाही. २००५मध्ये गुलबर्ग्याला कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला, पण लोकांच्या मनातले चित्र बदलले नाही. ख्रिस्ती शिकवण म्हणजे सेवा, म्हणजे आजाऱ्याला औषध आणि गरिबाच्या पोराला पाटी, अशी ठाम समजूत इथे आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे आणि दोन्ही बाजूंना सोयीची आहे. सेवा देणारा उंबऱ्याच्या आत, घेणारा बाहेर, ही रचना सेवेने आपोआप मोडत नाही. येशूच्या नीतिविचाराचा गाभा त्या रचनेलाच हात घालतो. शत्रू मानलेल्या माणसाशी शेजारधर्म पाळता येतो का, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याची खरी परीक्षा दवाखान्यापेक्षा या जिल्ह्यांच्या इतिहासात होते.

मूळ दाखला सर्वांना ठाऊक असल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो नीट वाचला जात नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण. शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी ही आज्ञा येशूची नवी नाही. ती लेवीयाच्या पुस्तकातली, यहुदी परंपरेतलीच आहे. शास्त्र्याला फक्त तिची हद्द आखून हवी आहे. येशू उत्तरादाखल यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या आणि लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो. याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो आणि यहुद्यांना नकोशा जमातीतला शोमरोनी थांबतो. आपण ही गोष्ट परोपकाराची म्हणून मुलांना सांगतो. पण परोपकारच शिकवायचा असता तर जखमी माणूस शोमरोनी आणि मदत करणारा यहुदी दाखवणे जास्त सोपे होते; ऐकणाऱ्यांना आपल्या मोठ्या मनाचे कौतुकही वाटले असते. येशूने पात्रे उलट ठेवली. ऐकणाऱ्याला त्याने रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जागी बसवले आणि ज्याचा स्पर्शही नको त्याच्या हातून पाणी प्यायला लावले.

शोमरोनी नको असण्याला कारणेही होती आणि ती दोन्हीकडे होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी शासक योहान हिर्कानसने गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे येशूच्या बालपणाच्या सुमारास काही शोमरोन्यांनी वल्हांडण सणात यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडे टाकून ते विटाळले, असे योसेफस हा इतिहासकार नोंदवतो. म्हणजे दाखला ऐकणाऱ्या जमावातल्या म्हाताऱ्यांना तो विटाळ आठवत असणार. लूकने मांडणीही अशी केली आहे की आदल्याच अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला उतरायला जागा नाकारते, शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायची भाषा करतात आणि येशू त्यांना दटावतो. या पार्श्वभूमीवर दाखल्यातला शोमरोनी म्हणजे कोणी अनोळखी भला माणूस उरत नाही. ज्यांच्याशी आपला हिशेब अजून चुकता व्हायचा आहे, अशा जमातीतला तो माणूस आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बीदर जिल्ह्यातल्या कोणालाही सुचेल: माणसामाणसांतल्या भिंती पाडायला या मुलखाला पॅलेस्टाईनमधून शिकवण आणायची गरजच काय? आक्षेप रास्त आहे. बाराव्या शतकात बसवकल्याणात शिवभक्त शरणांनी जे केले ते जगाच्या इतिहासात ठळक उठून दिसते. परंपरा सांगते की चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी घडवला, आणि बिज्जळ राजाने त्याबद्दल दोघांच्या बापांना देहदंड दिला. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरची गुरुचरित्रातली कथा याच्या जोडीने वाचावी. तिथे नृसिंहसरस्वती जमिनीवर सात रेघा काढायला लावतात, पतित म्हणून आणलेला माणूस एकेक रेघ ओलांडतो आणि सातवी ओलांडल्यावर वेद जाणणारा होतो. मग अंगावरची विभूती धुतली जाते आणि तो होता तसा होतो. (या कथेचा शेवट पारायण करणारे किती जण थांबून वाचतात, कोण जाणे.) कल्याणची रेघ माणसांनी ओलांडली आणि त्याची किंमत मोजली, गाणगापूरची रेघ चमत्काराने ओलांडली गेली आणि घटकाभरात पुन्हा होती तिथे आली. तेव्हा समतेचा धडा या मातीत आधीच गिरवला गेला होता, हे मान्यच करायला हवे. पण कल्याणची कथा देहदंडापाशी संपत नाही. परंपरेनुसार शरणांपैकीच काहींनी बिज्जळाचा वध केला, राजधानीत रक्तपात झाला आणि शरण देशोधडीला लागले. अन्यायाची रेघ ओलांडणाऱ्यांनी अन्याय करणाऱ्याशी कसे वागायचे, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहिला. येशूच्या शिकवणीचे वेगळेपण मला नेमके त्या जागी दिसते. डोंगरावरच्या प्रवचनात शत्रूवर प्रीती करण्याची जी मागणी आहे, ती समतेच्या पुढची आणि समतेपेक्षा अवघड आहे.

दुसरा आक्षेप तिखट आहे. सेवेच्या नावाखाली धर्मांतर केले त्यांनी शेजारधर्म शिकवू नये, असे म्हटले जाते. या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक मादिग, होलेय, मांग, महार या जातींतले; भुकेपोटी धर्म बदलला हा आरोप त्यांच्यावर जुना आहे. त्यात त्या माणसांच्या बुद्धीबद्दलचा तुच्छतेचा सूर आहेच. ज्याला देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही, त्याने दुसरे दार ठोठावले तर ते पोटासाठीच, हे कोणी ठरवायचे? तरी मिशनला या प्रश्नातून सूट देता येत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ज्या मदतीच्या बदल्यात बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवली गेली ती मदत या कसोटीवर नापासच होते. शिवाय चर्चच्या आतही रेघा राहिल्या. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले होते ते यावरच: ख्रिस्ती धर्माने जात पुसली नाही, आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांनी आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध चळवळही उभारली नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितकेच टिकून आहेत हे पुराव्याने दाखवावे लागेल. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली आणि २०२२मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. या सगळ्यात चर्चची कोंडी झाली आहे: सवलत मागायची तर आपल्यात जात आहे असे शपथेवर सांगावे लागते आणि व्यासपीठावरून आपल्यात जात नाही असे सांगायची सवय आहे. माझ्या मते पहिले वाक्य जास्त प्रामाणिक आहे. २०२५मध्ये कर्नाटकातल्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणात जातीच्या नावापुढे ख्रिस्ती शब्द जोडलेल्या नोंदींवरून जो गदारोळ झाला, त्यातही मूळ वास्तव नाकारण्याचीच धडपड दोन्हीकडून दिसली. पण आचरणाऱ्यांच्या अपयशाने शिकवण खोटी ठरत नाही. उलट त्यांना दोषी ठरवण्याचे माप तीच पुरवते. बाजूने निघून गेलेले दोघेही धर्माचेच अधिकारी होते, हे दाखला सांगणाऱ्याने उगाच घातलेले नाही.

या शिकवणीची सर्वांत कठीण परीक्षा १९४८ साली झाली, आणि तिच्यात ख्रिस्ती समाजाचा भाग नगण्य होता. मे १९४८मध्ये आजच्या बसवकल्याण भागातल्या गोर्टा गावावर निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी हल्ला केला. मृतांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगितला जातो. सप्टेंबरात भारतीय सैन्याचे पोलीस अ‍ॅक्शन झाले, पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट मुसलमान वस्त्यांवर फिरली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले. त्यांचा अंदाज संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांचा आकडा त्यांनी अठरा हजारांच्या घरात धरला. हा अहवाल दडवून ठेवला गेला आणि २०१३च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना पाहायला मिळाला. आकड्यांवर वाद आहेत आणि ते असावेत. पण त्या अहवालातला एक तपशील आपल्या विषयाला थेट भिडतो. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी हिंदू जमावाशी सामना केला आणि त्यात काहींनी जीवही गमावला, असे समितीने नोंदवले आहे. या विणकरांनी लूकचे शुभवर्तमान वाचले असण्याची शक्यता फारशी नाही. धर्मग्रंथाने प्रीती निर्माण होते असा माझा दावा नाही. माझे म्हणणे इतकेच की ती प्रीती कुठे होती हे ओळखायची नजर हा दाखला देतो.

शत्रुप्रीती म्हणजे बळींनी गप्प बसावे, हा सल्ला असल्याची टीका या सर्वांत मोठी आहे. गोर्ट्यातल्या विधवेला किंवा ऑक्टोबर १९४८मध्ये पोरके झालेल्या मुसलमान पोराला क्षमा कर म्हणणारे आपण कोण? उजव्या गालावर मारले तर दुसरा पुढे कर, या वचनाबद्दल वॉल्टर विंक या अमेरिकी अभ्यासकाने असे सुचवले आहे की उजव्या हाताने उजव्या गालावर बसणारी थप्पड ही हाताच्या पाठीने मारलेली, मालकाने नोकराला मारलेली असते. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे बरोबरीच्या माणसासारखे मार, असे आव्हान. जमीनदारी पाहिलेल्या मुलखात हा अर्थ पटकन पटतो. पण लूकच्या पाठात उजवा गाल नाहीच, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. त्याहून भक्कम उत्तर असे आहे की क्षमा दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही आणि सत्य सांगितल्याविना तिला अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगाने हेच करून पाहिले. तिथेही वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी १९९६मध्ये माफीच्या तरतुदीला घटना न्यायालयात आव्हान दिले आणि ते हरले. त्यांचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी ही मागणी शत्रुप्रीतीच्या विरोधात जात नाही. विरोधात जाते ती मागणी वेगळी: गुन्हेगाराच्या जातीत किंवा धर्मात जन्मलेल्या, त्या वेळी जन्मलाही नसलेल्या माणसाकडून वसुली व्हावी ही.

म्हणून आज या शिकवणीचा अर्थ इथे फार मोठ्या शब्दांत मांडायची गरज पडत नाही. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून आणि सीमेपलीकडे, २०१९पासून, कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा होतो. गोर्ट्याच्या हुतात्मा स्मारकाचे उद्घाटन मार्च २०२३मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते झाले. ते स्मारक व्हायलाच हवे होते. प्रश्न १९४८च्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे. त्याचा उच्चार केला की रझाकारांना मोकळे सोडल्याचा आरोप होतो, आणि आरोप करणारे सगळेच दुष्ट हेतूने करतात असे नाही. दोन अन्याय एकाच तागडीत घातल्याने पहिला हलका होईल, अशी भीती त्यांना असते. पण सुंदरलाल समितीने रझाकारांचे अत्याचारही त्याच कागदांत लिहिले आहेत. येशूनेही शोमरोन्यांनी मंदिर विटाळले नव्हते असे कुठे म्हटलेले नाही. ती आठवण तशीच ठेवून त्याने गोष्ट सांगितली, आणि शेजारी कोण ठरला याचे उत्तर देताना शास्त्र्याला शोमरोनी हा शब्द ओठांवर आणवेना, म्हणून तो ‘दया करणारा’ एवढेच म्हणाला. विणकरांच्या बाबतीत तेवढेही म्हणणे कोणत्याच बाजूला सोपे जात नाही: एका बाजूच्या कथेत ते फितूर ठरतात, तर दुसऱ्या बाजूच्या कथेत मारेकरी हिंदूच हवेत, वाचवणारे नकोत.